पावती नसलेले रोप आणि सातबारा नसलेला शेतकरी

केळीला बी नसते. खाण्याच्या केळीत जे काळे ठिपके दिसतात ते बियांचे नुसते अवशेष. त्यातून काही उगवत नाही. म्हणून बाग लावायची तर जुन्या खोडाच्या बुडाशी फुटलेला कंद खणून आणायचा, नाही तर प्रयोगशाळेत वाढवलेले टिश्यू कल्चरचे रोप विकत घ्यायचे. मुक्ताईनगर, रावेर, यावल या तापी-पूर्णेच्या पट्ट्यात हे शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. मात्र यातून निघणारी दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. कंदातून लावलेले झाड हे आईचाच तुकडा असते. आईच्या अंगात विषाणू असेल तर तो लेकराच्या अंगात आलाच. कंदाला माती चिकटून येते, त्या मातीबरोबर सूत्रकृमी येतात, बुरशी येते, कंद पोखरणारा सोंड्या येतो. म्हणजे ज्याने लागवडीचे साहित्य दिले त्याने शेतकऱ्याचे वर्ष कसे जाणार हेही बऱ्याच अंशी ठरवून दिले.

२०२० च्या पावसाळ्यात आणि पुन्हा २०२२ च्या पावसाळ्यात या पट्ट्यातल्या कोवळ्या बागा पिवळ्या पडल्या. पानांवर पट्टे आले, पाने आखडली, पोंगा सडला. कृषी विभागाने नाव सांगितले कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजेच सीएमव्ही. आमच्याकडचे जुने शेतकरी याला 'हरण्या' म्हणतात. नावावरूनच कळते की रोग नवा नाही. गेल्या शतकाच्या मध्यापासून खानदेशातल्या केळीत त्याची नोंद आहे. त्याला औषध नाही. रोगट झाड उपटून पुरून टाका, मावा आटोक्यात ठेवा, बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची लावू नका, इतकाच उपाय शास्त्रज्ञ सांगतात. शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून बांधावर टाकल्या, त्याची छायाचित्रे छापून आली. पुढारी आले, पाहणी झाली, पंचनामे झाले, भरपाईच्या आकड्यांवरून श्रेयाची ओढाताणही झाली. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. ही रोपे आली कुठून? ती कोणी तपासली होती? आणि तपासली नसतील तर विकू कोणी दिली?

रोपवाटिकावाले यावर तयार उत्तर देतात, आणि ते पूर्ण खोटे नाही. मावा हवेतून येतो, शेजारच्या काकडीवरून विषाणू उचलतो, ढगाळ हवा आणि सततचा पाऊस असला की झपाट्याने पसरवतो. टिश्यू कल्चरचे रोप कोवळे, लुसलुशीत, त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत तेच आधी बळी पडते. हे सगळे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण रोग बाहेरून आला की रोपाबरोबर आला, हे ठरवण्यासाठी रोपाची कुंडली हाताशी लागते. कोणत्या मातृझाडापासून ते निघाले, त्याची विषाणू चाचणी कुठे झाली, लॉट कोणता, रोपवाटिकेत ते किती दिवस होते आणि कशाच्या शेजारी होते. एकाच लॉटची रोपे पाच गावांत गेली आणि पाचही गावांत महिनाभरात सारखीच पिवळी पडली तर एकट्या माव्यावर खापर फोडता येणार नाही. मात्र पावतीवर लॉट नंबरच नसेल, किंबहुना पावतीच नसेल, तर हा ताळा जुळवायचा कशाने? पावती न देण्याचे कारण आमच्या मते एवढेच आहे.

इथे कायद्याकडे वळू. शेतकऱ्यांचा आणि कित्येक अधिकाऱ्यांचाही समज असा, की बियाणे कायदा म्हणजे कपाशी, ज्वारी, सोयाबीनच्या पिशव्यांचा कायदा. तसे नाही. १९६६ च्या बियाणे कायद्यात बियाणे या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात अन्नपिकांची रोपे, कंद, गड्डे, मुळे, छाट, कलमे आणि शाखीय पद्धतीने वाढवलेले इतर साहित्य स्पष्टपणे घातलेले आहे. म्हणजे केळीचा कंदही बियाणे आणि टिश्यू कल्चरचे रोपही बियाणे. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाने विक्रेत्याला परवाना लागतो, साठा आणि दर फलकावर लिहावा लागतो, गिऱ्हाइकाला पावती द्यावी लागते. टेम्पोत क्रेट भरून गावोगाव रोपे विकणाऱ्याने यातले काय पाळले, हे पाहायला निरीक्षक नेमलेले आहेत. पाहतात किती, हे ज्याचे त्याने आपल्या गावात आठवून पाहावे.

कायद्यात भोके आहेत, तीही सांगितली पाहिजेत. प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. ज्याला हवे त्याने अर्ज करावा. टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाला १० मार्च २००६ च्या अधिसूचनेने प्रमाणीकरण संस्था नेमले, राष्ट्रीय प्रमाणन यंत्रणा उभी राहिली, मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळा ठरल्या. केळीच्या बाबतीत पर्णगुच्छ, सीएमव्ही, ब्रॅक्ट मोझॅक आणि स्ट्रीक या विषाणूंची तपासणी होते. व्यवस्था चांगली आहे. पण ती प्रयोगशाळेच्या दारापर्यंत चांगली आहे. तिथून इवलीशी रोपे निघतात ती शेडनेटच्या रोपवाटिकांत जातात, पिशवीत दोन महिने वाढतात, मग शेतकऱ्याकडे येतात. या दुसऱ्या टप्प्यात जाळी फाटकी असेल, शेजारी वेलवर्गीय पीक असेल, तर प्रयोगशाळेचा दाखला कागदावर राहतो आणि विषाणू रोपात जातो. शिवाय दाखला नसलेली रोपे विकायला बंदी नाहीच. आणि शिक्षा? १९६६ च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठेवलेला दंड पाचशे रुपयांपर्यंतचा. रोप १५ रुपयांना धरले तर तेहतीस रोपांची किंमत!

या पट्ट्यात दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर एकरी सुमारे १,८०० रोपे बसतात. त्याच दराने २७ हजार रुपये नुसत्या रोपांचे झाले. ठिबक, खत, फवारणी, मजुरी वेगळी. मोठा बागायतदार हा झटका सोसतो. त्याचे दुसरे शेत असते, त्याची पतपेढी असते, तो थेट कंपनीकडे आगाऊ नोंदणी करून दाखल्याची रोपे घेतो. ज्याच्याकडे आगाऊ द्यायला पैसा नाही तो ऐन हंगामात उरलेली, उधारीवर मिळणारी रोपे घेतो. किंवा ज्याच्या शेतात सालदारकी केली त्याच्याच पिलबागेतून कंद मागून आणतो. स्वस्त पडते म्हणून आणतो, आणि त्या कंदाबरोबर काय आले ते चार महिन्यांनी कळते. रोगाला जात नसते असे म्हणतात. रोगाला नसेल, पण रोगाच्या वाटेला आहे. ज्याला रांगेत शेवटी उभे केले आहे त्याच्या हाती शेवटचे रोप येते.

आपल्या समाजाकडे जमीन किती आणि कशी हे नव्याने सांगायला नको. महार वतन १९५८ च्या कायद्याने संपले, तुकडे पुनःप्रदान झाले, पण नव्या शर्तीवर. अनेक गावांत ते तुकडे भाऊबंदकीत गुंठ्यांवर आले आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी तुरुंग भरले. त्यातून काहींना गायरानाचा पट्टा मिळाला, पुष्कळांचे अतिक्रमण आजही कागदावर चढलेले नाही. उरलेला समाज आणि सातपुड्यातून उतरलेले पावरा, तडवी बांधव केळीत मजूर म्हणून आहेत. घड कापणे, वाहणे, गाडी भरणे हे काम त्यांचे. त्यातले जे हिंमत करतात ते दुसऱ्याची जमीन बटाईने किंवा मक्त्याने करतात. करार तोंडी असतो. सातबारा मालकाच्या नावाचा, पीक पाहणी मालकाच्या नावाची, घाम तेवढा बटाईदाराचा.

आता हरण्या आल्यावर या बटाईदाराचे काय होते ते पाहा. हवामानावर आधारित फळपीक विमा केळीला आहे, पण तो कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा आणि गारपीट यांसाठी. विषाणूने बाग गेली तर त्यात काही मिळत नाही. शिवाय भाडेपट्ट्याने शेती करणाऱ्याला विमा हवा तर करार नोंदणीकृत हवा, आणि मालक नोंदणी करून देत नाही, कारण कुळ लागेल ही भीती. आपत्तीची मदत यायची तर आपत्तीच्या यादीत कीडीचा हल्ला आहे, पण पैसा खातेदाराच्या खात्यावर जातो. मालकाने त्यातले किती द्यायचे, हे मालकाच्या मनावर.

बटाईदाराच्या हाती राहणारा एकच कागद आहे. रोपाची पावती. ग्राहक संरक्षण कायद्यात जमीन कोणाची हा प्रश्नच नाही. ज्याने पैसे मोजून माल घेतला तो ग्राहक, इतके पुरते. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ रोजी निकाल दिला. समोर सरकारी महामंडळ होते. त्याचे म्हणणे असे की बियाण्यासाठी वेगळा कायदा आहे, म्हणून शेतकऱ्याने ग्राहक मंचात येऊ नये. आणि आलाच तर बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून दोष सिद्ध करावा. न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी सगळे बियाणे पेरून टाकतो, तपासणीसाठी मूठभर बाजूला काढून ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. केळीच्या रोपाला तर हे जास्तच लागू आहे. १,८०० रोपांतले एक रोप पिशवीत जपून ठेवणारा शेतकरी आम्ही पाहिलेला नाही. २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानेही नोंदणीकृत वाणाने सांगितल्याप्रमाणे उत्पादन दिले नाही तर भरपाई मागण्याचा मार्ग ठेवला आहे. शेतातले बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा, ब्रँडविना विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. पिलबागेतला कंद शेजाऱ्याला देणे हा त्यामुळे गुन्हा ठरत नाही, हे रोपांच्या जाहिरातीत कोणी सांगणार नाही.

पण खटला पुराव्यावर चालतो, आणि केळीत पुरावा टिकत नाही. कृषी विभागाचा सल्ला असा की लक्षण दिसताच झाड उपटून नष्ट करा. सल्ला योग्यच आहे, नाही तर शेजाऱ्याची बाग जाईल. पण उपटले की पुरावा गेला. तालुक्याची तक्रार निवारण समिती येईपर्यंत बांधावर वाळका पालापाचोळा उरतो. म्हणून आमचे सांगणे आहे की पहिल्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उपटण्याआधी तारीख दिसेल असे फोटो काढा, लगतच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या घ्या, समितीने नमुना घेतलाच पाहिजे अशी मागणी अर्जातच लिहा. एका लॉटचे सगळे शेतकरी शोधा. सारखे हितसंबंध असलेल्या अनेकांना मिळून एकच तक्रार करायची मुभा २०१९ च्या ग्राहक कायद्यात आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आणि पावती ज्याने पैसे दिले त्याच्याच नावाची घ्या. मालक म्हणेल, माझ्या नावावर घेऊ, अनुदान बसेल. अनुदान त्याला बसेल, नुकसान तुम्हाला.

आतापर्यंतचे सगळे वकिली बोलणे झाले. नुकसान झाल्यावर कोर्टात जाणे ही बियाण्याची व्यवस्था नव्हे. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे एकरावर ठरत नाही, त्या शेताला जोडायला भांडवल आणि साधने किती यावर ठरते, हा त्यातला गाभा. पुढे १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा असे मांडले आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत यांच्या बरोबरीने बियाणे पुरवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. बियाणे हा शब्द तिथे ओघात आलेला नाही. ज्याच्याकडे बियाण्याचा पैसा नाही त्याला जमीन देऊन सावकाराच्या दारात उभे करायचे, हे त्यांना नको होते.

आपण नेमके तेच केले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना २०१७ पासून आहे. तीत विहीर, पंप, वीजजोडणी, ठिबक. जमीन झाली, पाणी झाले. त्या पाण्यावर लावायचे निरोगी रोप मात्र या योजनेच्या यादीत नाही. लाखोंची विहीर देणाऱ्या सरकारला २७ हजारांची रोपे जड होतात असे आम्हाला वाटत नाही. लावायचे काय, हा विचारच कोणाच्या टेबलावर झालेला नाही.

आणि हे करता येत नाही असेही नाही. उसाकडे पाहा. ऊसही बेण्याने लागतो, त्याच्याही बेण्यातून रोग जातात. पण उसासाठी मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशी त्रिस्तरीय बेणेमळ्यांची साखळी राज्यात आहे. पाडेगावचे संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि त्यांच्या मागे साखर कारखाने. बेण्याला उष्ण हवेची प्रक्रिया करून मूलभूत बेणे तयार होते, कारखाना ते सभासदाच्या बांधापर्यंत पोचवतो. उसाच्या मागे सत्ता होती म्हणून ही साखळी उभी राहिली. केळीच्या मागे व्यापारी आणि रेल्वेच्या वाघिणी होत्या. त्यांना घडाशी मतलब, कंदाशी नव्हे.

केंद्राच्या मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. १,७६५ कोटी रुपयांचा खर्च आणि देशभर नऊ केंद्रे, जिथे विषाणूमुक्त मातृझाडे राखायची. कल्पना अगदी हवी तशी. महाराष्ट्राच्या वाट्याला जाहीर झाली ती द्राक्षासाठी पुणे, संत्र्यासाठी नागपूर, डाळिंबासाठी सोलापूर. केळीच्या जिल्ह्याचे नाव त्या यादीत नाही. जळगावात केळी संशोधन केंद्र आहे, तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र १९९३ पासून आहे, खासगी टिश्यू कल्चरचा देशातला मोठा उद्योग जळगावातच आहे. ज्ञान आहे, माणसे आहेत. सरकारी मातृझाडांची जागा तेवढी नाही. आमचे लोकप्रतिनिधी भरपाईसाठी मंत्रालयात जातात तेव्हा हाही कागद सोबत न्यायला काय हरकत आहे?

घाई का, तेही सांगतो. हरण्याने वर्ष जाते, पण पनामा मर रोगाने जमीन जाते. त्याच्या टीआर-४ या जातीची बुरशी एकदा मातीत शिरली की दशकानुदशके राहते आणि ग्रँड नैनला मारते. बिहारमधून तिची नोंद झाली आणि आमच्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर भागातूनही झाली. मुक्ताईनगरहून बुऱ्हाणपूर म्हणजे दोन घटकांचा रस्ता. कंद, मजूर, अवजारे, वाहने रोज ये-जा करतात. १९५९ मध्ये पर्णगुच्छ रोगासाठी केरळ, तामिळनाडू, बंगाल, आसाम, ओरिसातून केळीचे लागवड साहित्य बाहेर नेण्यावर केंद्राने बंधन घातले होते. तशी नाकेबंदी आज मातीसकट येणाऱ्या कंदासाठी आमच्या सीमेवर दिसत नाही. ज्याची दोनच एकर आहे त्याने जमीन बदलायची कुठे?

शेवटी एक सूचना, आमच्याच बायाबापड्यांसाठी. आफ्रिकेत युगांडा, रवांडाकडे गरीब शेतकरी प्रयोगशाळेविना रोपे करतात. निवडक निरोगी कंद सोलायचा, मधला डोळा मारायचा, लाकडाच्या भुशात प्लास्टिकच्या तंबूत ठेवायचा. तीन-चार महिन्यांत एका कंदापासून वीस-तीस रोपे मिळतात. तिरुचिरापल्लीचे केंद्रही हे शिकवते. त्याला एकरभर जमीन लागत नाही, अर्धा गुंठा आणि सावली लागते. भूमिहीन महिलांच्या बचत गटाला हा धंदा जमण्यासारखा आहे. धोका एकच, कंद रोगट असला तर तीस पट रोग. म्हणून मूळ कंद सरकारने तपासून दिला पाहिजे, त्याशिवाय आम्ही कोणाला यात ढकलणार नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१० मध्ये अशाच छोट्या उत्पादकांसाठी केळीसह कंदमुळांच्या पिकांचे साधे, गावपातळीवर तपासता येतील असे निकष छापले आहेत. ते मराठीत आणून बचत गटांच्या हाती देणे ही कृषी विद्यापीठाला महिन्याभराची कामगिरी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी ठेवला. २००४ पासून अशी विधेयके येतात आणि रखडतात. मोठ्या बियाणे कंपन्यांवर त्यात पुष्कळ चर्चा होते. आमच्या मागण्या छोट्या आहेत. केळीच्या प्रत्येक रोपाच्या पावतीवर लॉट नंबर आणि चाचणीचा क्रमांक सक्तीचा असावा. दुसऱ्या टप्प्याच्या रोपवाटिकेला वेगळी मान्यता असावी. भरपाई सातबारा पाहून नव्हे, पावती पाहून मिळावी. स्वावलंबन आणि स्वाभिमान योजनेच्या लाभार्थ्याला पहिल्या लागवडीची प्रमाणित रोपे मोफत द्यावीत. हे निवेदन मुक्ताईनगर तहसीलला देण्यासाठी तयार आहे. कांदेबागाची लागवड सप्टेंबरपासून सुरू होते, त्याआधी तालुक्यातल्या परवानाधारक रोपवाटिकांची यादी कृषी कार्यालयाकडून मागवून आम्ही ती प्रत्येक गावच्या बुद्धविहाराच्या फलकावर लावणार आहोत. ज्यांच्याकडे मागच्या लागवडीच्या पावत्या असतील त्यांनी त्या घेऊन यावे, लॉट जुळवून पाहू.